२१ नंबरचा भाव : ड्राफ्टबाहेरच्या एका बचावपटूचं प्रकरण

प्रकरण-अभ्यासाच्या रिवाजाला धरून खेळाडूचं नाव इथे घेतलेलं नाही, त्याच्या जर्सीवरचा आकडा घेतला आहे. अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्यांना नाव दोन परिच्छेदांत कळेलच, त्याला इलाज नाही. न पाहणाऱ्यांचं नावावाचून काही अडणार नाही.

प्रकरण मार्च २०१७ मधलं आहे. दोन वर्षांपूर्वी एका झेलाने सुपर बोल (एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा अंतिम सामना) जिंकून देणाऱ्या आणि नुकताच दुसरा सुपर बोल जिंकलेल्या २७ वर्षांच्या खेळाडूपुढे त्याच्या संघाने एका वर्षाचा, ३९.१ लाख डॉलरचा कागद ठेवला. त्याच आठवड्यात त्याच संघाने त्याच जागेवर खेळणारा दुसरा माणूस बाहेरून आणला, पाच वर्षांसाठी साडेसहा कोटी डॉलरला. कागदावर सही करायची की अडून बसायचं, हा प्रश्न होता.

पार्श्वभूमी

२१ नंबर मिसिसिपी राज्यातल्या विक्सबर्गचा. जागा कॉर्नरबॅकची, म्हणजे समोरच्या संघाच्या रिसीव्हरची, म्हणजे पास झेलणाऱ्याची, सावली व्हायचं आणि त्याच्याकडे येणारा पास मोडायचा किंवा हिसकावायचा. हाइंड्स कम्युनिटी कॉलेजच्या संघातून २००९ मध्ये, हंगामाचे पाच सामने झाले असताना, त्याला काढून टाकलं. पुढचा काही काळ तो गावातल्या पोपाय्जमध्ये तळलेलं चिकन विकत होता. २०११ मध्ये त्याच कॉलेजने परत घेतलं, तिथून तो वेस्ट अलाबामा विद्यापीठात गेला. हे विद्यापीठ डिव्हिजन दोनमधलं, म्हणजे मोठ्या संघांचे निवडकर्ते सहसा वाट वाकडी करून जात नाहीत असं.

मे २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ३२ संघांनी सात फेऱ्यांत २५६ खेळाडू निवडले. त्यांत हा नव्हता. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात ‘अनसोल्ड’ राहणं लोकांना माहीत आहे, पण इथे थोडा फरक आहे. ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही, संघ आळीपाळीने खेळाडू उचलतात आणि उचललेल्याला दुसरीकडे जाता येत नाही. जो उरतो तो मोकळा असतो, कोणत्याही संघाशी करार करू शकतो. फक्त करार करायला कुणीतरी हवं. न्यू इंग्लंड पॅट्रियट्सनी त्याला करारही दिला नव्हता, नवोदितांच्या शिबिरात नुसतं चाचणीला बोलावलं. आवडला तर ठेवू, नाही तर परतीचं विमान. १९ मे रोजी त्यांनी सही घेतली. तीन वर्षांचा करार, पगार लीगच्या किमान दराने: पहिल्या वर्षी ४.२ लाख डॉलर, मग ५.१ लाख, मग ६ लाख.

हे ‘तीन वर्षं’ लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर फिरतं. २०११ च्या सामूहिक कराराप्रमाणे निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो (पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर), न निवडलेल्याचा तीनच वर्षांचा.

तो एक चेंडू

१ फेब्रुवारी २०१५, ग्लेनडेल, ॲरिझोना. आपल्याकडे सोमवार सकाळचे साडेआठ वाजून गेले होते. पॅट्रियट्स २८, सिअ‍ॅटल सीहॉक्स २४. २१ नंबर हा राखीव कॉर्नरबॅक, उत्तरार्धात मैदानात आलेला. शेवटच्या काही मिनिटांत सिअ‍ॅटलचा रिसीव्हर जर्मेन कर्सकडे येणारा लांब पास त्याने हात लावून उडवला. चेंडू जमिनीवर पडलेल्या कर्सच्या पायांवर, हातांवर नाचत शेवटी त्याच्याच हातात विसावला. पास नीट अडवूनही झेल झाला होता. २१ नंबर तिथे डोकं धरून बसला असता तर कर्स उठून गोल रेषेपर्यंत गेला असता. तो उठला आणि कर्सला गोल रेषेपासून पाच यार्डांवर मैदानाबाहेर ढकललं. ही अर्ध्या सेकंदाची धडपड कौतुकाच्या व्हिडिओंत सहसा कापलेली असते, आणि माझ्या मते त्या रात्रीचा त्याचा अर्धा खेळ तीच होती.

मग सिअ‍ॅटलच्या मार्शॉन लिंचने चेंडू घेऊन चार यार्ड रेटले. एक यार्ड उरला. २६ सेकंद. सिअ‍ॅटलने पुन्हा लिंचकडे चेंडू न देता पास टाकायचं ठरवलं. त्यांचे दोन रिसीव्हर एकामागे एक उभे राहिले: पुढच्याने आडोसा करायचा, मागच्याने त्या आडोशातून आत घुसायचं. हीच चाल त्या आठवड्याच्या सरावात पॅट्रियट्सच्या राखीव खेळाडूंनी करून दाखवली होती आणि २१ नंबर तिथे फसला होता. तो आडोशाच्या मागून वळसा घालून गेला आणि उशिरा पोहोचला. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी तेव्हाच त्याला टोकलं होतं. या वेळी सहकारी ब्रँडन ब्राउनरने पुढच्याला जागच्या जागी दाबून धरलं आणि २१ नंबर वळसा न घेता सरळ घुसला. रसेल विल्सनचा पास रिकार्डो लॉकेटच्या हातात पडायच्या आधी याच्या हातात होता. व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या संघाचा हिसकावलेला पास.

विजेत्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला ९७,००० डॉलरचा हिस्सा मिळाला. सामनावीर टॉम ब्रेडीला मिळालेला पिकअप ट्रक ब्रेडीने याला देऊन टाकला. पगाराच्या तक्त्यात काहीही बदललं नाही. पुढच्या वर्षी ५.१ लाख होते, ते ५.१ लाखच राहिले.

अडचण

२०१५ च्या वसंतात संघाचे दोन्ही नावाजलेले कॉर्नरबॅक, डॅरेल रीव्हिस आणि ब्राउनर, दुसरीकडे गेले. राखीव खेळाडू एकदम पहिल्या नंबरचा झाला. २०१५ आणि २०१६ हे दोन्ही हंगाम तो सोळाच्या सोळा सामने सुरुवातीपासून खेळला. २०१५ मध्ये प्रो बोल (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना), २०१६ मध्ये चार इंटरसेप्शन आणि ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीच्या, दुसऱ्या संघात नाव.

तुलनेसाठी: त्याच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर क्लीव्हलंडने एक कॉर्नरबॅक घेतला होता. त्याचा चार वर्षांचा करार सव्वा कोटी डॉलरच्या वरचा होता. मार्च २०१७ पर्यंत तो दुसऱ्या संघात जाऊन तिथूनही सुटला होता. २१ नंबरने तीन वर्षांत पगार म्हणून मिळवले १५.३ लाख.

नियम असा की न निवडलेल्या खेळाडूचा करार दुसरा हंगाम संपल्यावर नव्याने करता येतो. म्हणजे २०१६ च्या सुरुवातीला संघाला वाढीव करार देता आला असता. तो झाला नाही. तीन हंगाम पूर्ण झाले की खेळाडू ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’ होतो, म्हणजे अर्धा मोकळा. आयपीएलचं ‘राइट टू मॅच’ कार्ड ज्यांना माहीत आहे त्यांना हे पटकन कळेल. दुसरा संघ बोली लावू शकतो, पण जुन्या संघाला तीच रक्कम देऊन खेळाडू ठेवून घेता येतो, त्यासाठी पाच दिवस मिळतात. वर आणखी एक खिळा: जुना संघ कोणत्या दर्जाचं टेंडर (ठरलेल्या दराचा एका वर्षाचा प्रस्ताव) देतो त्यानुसार नव्या संघाला ड्राफ्टमधली आपली निवड भरपाई म्हणून द्यावी लागते.

२०१७ चे दर असे होते. सर्वांत खालचं टेंडर १७.९७ लाख, दुसऱ्या फेरीचं २७.४६ लाख, पहिल्या फेरीचं ३९.१ लाख. सर्वांत खालच्या टेंडरची भरपाई म्हणजे खेळाडू मुळात ज्या फेरीत निवडला गेला ती फेरी. २१ नंबर कुठल्याच फेरीत निवडला गेला नव्हता, म्हणून त्याच्यासाठी ती भरपाई शून्य. तीन वर्षांपूर्वी कुणी निवडलं नाही ही गोष्ट अशी कागदातून परत वर आली, आणि या वेळी ती संघाच्याच पायात आली. पॅट्रियट्सना स्वस्तातलं टेंडर परवडणारच नव्हतं. त्यांनी पहिल्या फेरीचं दिलं.

समोरचे पर्याय

दुसऱ्या संघाची बोली आणणं हा पहिला मार्ग. मुदत २१ एप्रिलपर्यंत होती. न्यू ऑर्लिन्स सेंट्सना कॉर्नरबॅकची निकड होती, त्यांनी त्याला मार्चमध्ये भेटीलाही बोलावलं. पण भरपाई म्हणून सेंट्सना स्वतःची पहिल्या फेरीतली निवड द्यावी लागली असती, आणि ती होती अकरावी. अकराव्या निवडीत चार-पाच वर्षं स्वस्तात मिळणारा ताजा खेळाडू येतो. ती देऊन वर मोठा करारही करायचा, हे गणित जमत नव्हतं.

दुसरा मार्ग अदलाबदलीचा. गंमत म्हणजे सेंट्सकडे आणखी एक पहिल्या फेरीतली निवड होती, बत्तिसावी, आणि ती त्यांना पॅट्रियट्सकडूनच ब्रँडिन कुक्सच्या मोबदल्यात मिळाली होती. ती परत देऊन २१ नंबरला नेणं दोघांनाही सोयीचं वाटू शकलं असतं. अडचण अशी की टेंडरवर सही झाल्याशिवाय खेळाडूची अदलाबदल करता येत नाही. सही केली आणि सौदा फिसकटला तर तो ३९.१ लाखांत अडकला. सही न करता थांबला तर सौद्याला सुरुवातच नाही.

अडून बसणं हा तिसरा मार्ग कागदावरच बरा दिसतो. १५ जूनपर्यंत सही झाली नाही तर संघ टेंडर मागे घेऊन आदल्या पगाराच्या ११० टक्के देऊ करू शकतो. सहा लाखांचे ११० टक्के म्हणजे ६.६ लाख. खेळाडूच्या हातात अडून बसण्याचं बळ नाही, उलट अडून बसण्याचा दंड आहे.

चौथा मार्ग सही करून वर्षभर खेळणं आणि मार्च २०१८ मध्ये पूर्ण मोकळं होणं. यात दुखापतीचा धोका सगळा खेळाडूवर. गुडघा गेला तर साडेसहा कोटींची स्वप्नं सोडाच, पुढचा करारही किमान दराचा. फॉर्म गेला तरी तेच. शिवाय करार संपत आलेल्या खेळाडूंशी पॅट्रियट्स कसे वागतात हे त्याने जवळून पाहिलं होतं. २०१६ मध्ये चँडलर जोन्सला मार्चमध्ये आणि जेमी कॉलिन्सला हंगाम चालू असताना त्यांनी दुसरीकडे धाडलं होतं.

पाचवा मार्ग म्हणजे पॅट्रियट्सनी म्हटलेल्या दराने लांबचा करार करून टाकणं. त्याच जागेसाठी बाहेरून आणलेल्या स्टेफन गिलमोरला दिलेला साडेसहा कोटींचा आकडा कळल्यावर हा मार्ग मनाने बंद झाला असणार. गिलमोर २०१२ च्या ड्राफ्टमधली दहावी निवड, वयाने याच्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान. २०१६ च्या एका हंगामाचे त्याने एक कोटी दहा लाखांच्या वर घेतले होते. त्याच हंगामात ऑल-प्रो ठरलेल्या याने घेतले सहा लाख. अशा वेळी माणूस नुसता पैशांचा हिशेब करत नाही.

काय केलं

त्याने वाट पाहिली, पण फार नाही. सेंट्सकडून बोली आली नाही. एप्रिलमध्ये, मुदत संपायच्या आत, त्याने टेंडरवर सही केली. अदलाबदल झाली नाही. ड्राफ्टमध्ये सेंट्सनी अकराव्या निवडीने मार्शॉन लॅटिमोर हा कॉर्नरबॅकच घेतला आणि बत्तिसाव्या निवडीने रायन रॅमचिक. दोन्ही निवडी उत्तम निघाल्या, तेव्हा त्यांच्या बाजूने हात आखडता घेणं बरोबरच ठरलं.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, आकडे मांडेपर्यंत माझ्याही लक्षात आली नव्हती. न निवडलेला म्हणून त्याचं सगळीकडे नुकसानच झालं असं नाही. तो सहाव्या फेरीत निवडला गेला असता तर २०१७ हे त्याच्या पहिल्या कराराचं चौथं वर्ष असतं, आणि उत्तम खेळल्याबद्दलची बढती धरूनही पगार ३९.१ लाखांच्या निम्म्याच्या आसपास अडकला असता. नुकसान झालं ते २०१५ आणि २०१६ या दोन हंगामांत. ते भरून काढायची जागा नियमांत नव्हती. २०१७ च्या वाटाघाटीत मात्र तो बहुधा ती दोन वर्षं मनात धरून बसला होता, आणि समोरचा पक्ष फक्त पुढचं एक वर्ष मोजत होता.

निकाल

हंगाम खडबडीत सुरू झाला. दुसऱ्याच आठवड्यात त्याला सुरुवातीच्या अकरांतून काढलं, तेही न्यू ऑर्लिन्समधल्या सामन्यात. मग जागा परत मिळाली आणि वर्षभर तो संघातल्या सर्वांत जास्त वेळ खेळणाऱ्या बचावपटूंपैकी होता. गिलमोर दुसऱ्या टोकाला.

४ फेब्रुवारी २०१८, मिनीॲपोलिस, सुपर बोल, समोर फिलाडेल्फिया ईगल्स. त्या आठवड्यात तो आजारी पडून संघाच्या मागून पोहोचला होता. राष्ट्रगीताच्या वेळी कॅमेऱ्याने त्याचे भरलेले डोळे टिपले. सामन्यात त्याच्या जागी एरिक रो उतरला. बचावात २१ नंबरला एकही स्नॅप (खेळाची एक चाल) मिळाला नाही, स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीत, एक. त्याच्या बाकावर बसण्याच्या काळात ईगल्सनी ५३८ यार्ड काढले आणि ४१–३३ ने सामना नेला. बेलिचिक यांनी शिस्तीचं कारण नाकारलं, संघाच्या हिताचा निर्णय एवढंच म्हटलं. संघाने आपल्यावरचा विश्वास सोडला, अशा अर्थाचं खेळाडू सामन्यानंतर बोलला.

पुढच्या महिन्यात टेनेसी टायटन्सनी त्याला पाच वर्षांचा करार दिला: ६ कोटी १२ लाख ५० हजार डॉलर, त्यांतले ३ कोटी हमीचे. टायटन्सचे जनरल मॅनेजर जॉन रॉबिन्सन आणि नवे प्रशिक्षक माइक व्रेबल, दोघेही पूर्वीचे पॅट्रियट्सवाले. मिनीॲपोलिसच्या बाकाचा भावावर परिणाम झाला नाही, किंवा झाला असला तरी गिलमोरच्या आकड्यापासून फार दूर नेण्याइतका नाही.

वेगळं काय करता आलं असतं

संघाच्या बाजूने पाहिलं तर खरी खिडकी २०१६ च्या सुरुवातीची होती. प्रो बोल खेळलेला, सहा लाखांवर एक वर्ष उरलेलं, दुखापतीची भीती बाळगणारा खेळाडू. त्या क्षणी मध्यम आकड्याचा लांब करार त्याने घेतला असता असं मला वाटतं, आणि मग गिलमोरला आणताना दोघांच्या पगारात आवळ्या-भोपळ्याचं अंतर राहिलं नसतं. उलट बाजूही आहे: तेव्हा तो नावारूपाला येऊन एकच पूर्ण हंगाम झाला होता. एका हंगामावर मोठा पैसा लावणं हे त्या संघाच्या स्वभावात नाही.

खेळाडूच्या बाजूने २०१७ मध्ये फारसं काही करण्यासारखं नव्हतं. सही लवकर करून ‘मला बत्तिसाव्या निवडीवर सेंट्सकडे पाठवा’ असा दबाव आणता आला असता. पण सही केल्यावर दबावाचं साधनच हातातून जातं. मी त्याचा एजंट असतो तरी हेच केलं असतं, फक्त सहीबरोबर दुखापतीच्या विम्याचा हप्ता भरला असता.

मिनीॲपोलिसचा निर्णय वेगळ्या जातीचा आहे. सुरुवातीला न खेळवणं समजू शकतं: आजारपण, सरावात मागे, समोरच्या संघासाठी आखलेली वेगळी मांडणी. पहिल्या अर्ध्यात २२ गुण दिल्यावरही काहीच न बदलणं मला समजत नाही. तीन वर्षांपूर्वी ॲरिझोनात याच प्रशिक्षकांनी बचाव गळतोय म्हणून उत्तरार्धात खेळाडू बदलला होता, आणि बदलून आत पाठवलेला खेळाडू हाच होता.

टायटन्सनी पाचांपैकी तीन वर्षं त्याला ठेवलं. २०२० मध्ये त्याने १०० टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडणं) आणि चार इंटरसेप्शन केले, आणि मार्च २०२१ मध्ये पगाराच्या मर्यादेत जागा करायला त्याला सोडलं. ॲरिझोना कार्डिनल्सशी एक वर्षाचा करार झाला, हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर तो निवृत्तांच्या यादीत गेला. मार्च २०२२ मध्ये पॅट्रियट्सनी त्याला परत बोलावलं, बत्तिसाव्या वर्षी, दोन वर्षांच्या करारावर. ऑगस्टमध्ये दुखापतीच्या यादीत नाव लागलं आणि थोड्याच दिवसांत संघाने त्याला मोकळं केलं.